तिसऱ्या रकान्यातली सही

मॅनेजर लोकांना सामाजिक जबाबदारी शिकवायचं काम मी अकरा वर्षं करतोय. एवढ्या वर्षांत ती शिकलेला एकही मॅनेजर मी पाहिलेला नाही. ते शब्द शिकतात. पहिल्या दिवशी सकाळी 'मागच्या गल्लीतले कटकटे लोक' म्हणतात, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच लोकांना 'आपले हितधारक' म्हणायला लागतात. मग प्रमाणपत्र घेतात, माझ्याबरोबर फोटो काढतात आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा कटकटे लोक. मी दुसऱ्या कारखान्यात गेलेलो असतो. तिथे पुन्हा पहिला दिवस, पुन्हा तोच गारठलेला हॉल, तीच बिस्किटं.

मी आधी वेल्डर होतो. एकोणीस वर्षं. डोळ्यांनी साथ सोडली तेव्हा युनियनची पत्रकं लिहायला लागलो. वाचनालयात बसून जे हाताला लागलं ते वाचलं, समजलं नाही ते पुन्हा वाचलं. बोलायला येत होतंच. एका भल्या माणसाला वाटलं, कामगाराच्या तोंडून ऐकलं तर मॅनेजरांना पटेल. त्यांना पटलं नाही, पण मला काम मिळालं. सगळे मला मास्तर म्हणतात. काही आदराने, बरेचसे हसून.

या खेपेचा कारखाना लोखंडी कपाटांचा. पत्रा कापायचा, वाकवायचा, जोडायचा, रंगवायचा. बावीस मॅनेजर समोर बसलेले, प्रत्येकाच्या छातीवर नावाची पट्टी, टेबलाखाली मोबाइल. पहिल्या दिवशी दुपारी मी माझा ठरलेला सराव घेतला. या सरावाचा मला अभिमान होता, म्हणून नीट सांगतो.

बाकीचे प्रशिक्षक बनावट गोष्टी देतात. 'एका गावात एक कारखाना होता' वगैरे. मी नाही देत. खोट्या गोष्टीवर शिकवलेलं टिकत नाही, असं माझं मत. मी कारखान्याकडून खऱ्या तक्रारी मागून घेतो, नावं झाकून. दोघादोघांच्या जोड्या लावतो. एकाने मॅनेजर व्हायचं, दुसऱ्याने तक्रारदार. तासभर बोलायचं, मार्ग काढायचा आणि तो खऱ्या फॉर्मवर लिहायचा. खालच्या तीन रकान्यांत तीन सह्या: खात्याचा मॅनेजर, तक्रारदाराच्या बाजूचा प्रतिनिधी, बाहेरचा तपासनीस. तपासनीस म्हणून मी. शिक्षक वही तपासतो तशी सही करायची, एखादा शब्द सुधारायचा, पुढे जायचं.

इथे अकरा तक्रारी उघड्या होत्या. दप्तर सांभाळणारा कारकून, ज्याला सगळे दप्तरी म्हणत, त्याने अकरा फॉर्म आणून दिले. नावांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या. वर तक्रार क्रमांक छापलेला होता, त्याकडे माझं लक्ष गेलं नाही. तो दोष माझा.

सातव्या तक्रारीत असं होतं: रंगशेडचा पंखा मागच्या भिंतीतून हवा बाहेर फेकतो, ती थेट एका घराच्या स्वयंपाकघरात जाते. थिनरचा वास. घरात दम्याचा म्हातारा माणूस. पंख्याचं तोंड दुसरीकडे फिरवा, एवढीच मागणी. मॅनेजर म्हणून बसला खुद्द रंगखात्याचा मॅनेजर आणि तक्रार करणारी बाई म्हणून बसला माल पाठवणाऱ्या खात्याचा माणूस, ज्याला अंगापिंडामुळे पैलवान म्हणायचे.

पैलवानाने रुमाल डोक्यावर घेतला. आवाज बारीक केला.

"अहो साहेब, माझ्या खिडकीत वास येतो हो! डोकं दुखतं माझं!"

हॉल हसला. मीही हसलो. हेही लिहितो, कारण पुढे ते मला फार दिवस टोचलं.

"बाई, आम्ही तुमच्या खिडकीत सहा कुंड्या ठेवून देतो," रंगखातं म्हणालं. "झाडं वास शोषून घेतात."

"अगं बाई, सहा? मग काय हरकत नाही!"

फॉर्म भरला. 'कुंड्या पुरवून तक्रार मिटवली.' दोघांनी ऐटीत सह्या केल्या. मॅनेजर लोकांसमोर रेघ मारलेली जागा आली की हात आपोआप सही करतो, डोकं मागाहून येतं, कधीकधी येतही नाही. मी लाल पेन काढला. म्हटलं, "मिटवली म्हणू नका. मिटवणारे तुम्ही कोण? समोरच्याची संमती लागते." आणि 'मिटवली' खोडून 'तक्रारदाराच्या संमतीने समाधानकारकरीत्या निकाली' असं लिहिलं. तिसऱ्या रकान्यात सही ठोकली. शिकवण्याच्या भरात होतो. सराव संपल्यावर दप्तरी अकरा फॉर्म गोळा करून घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांना मागच्या फाटकातून गल्लीत नेलं. हाही माझ्या कार्यक्रमाचा भाग. बावीस जण पांढरी हेल्मेटं घालून निघाले. घरांच्या गल्लीत हेल्मेट कशाला म्हणून विचारलं तर एक जण म्हणाला, "सवय, मास्तर." गल्ली अरुंद. एका बाजूला कारखान्याची भिंत, दुसऱ्या बाजूला दोन-दोन खोल्यांची घरं. भिंतीत वर एक चौकोनी जाळी, तिच्याखाली रंगाचे ओघळ साचून पाट्यासारखे कडक झालेले. जाळीच्या बरोबर समोर एक खिडकी, चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून बंद केलेली.

त्या घराच्या दारात एक बाई मशीनवर उशांचे अभ्रे शिवत होती. बाजूला शिवलेल्या अभ्र्यांची चळत. आमची पलटण बघून तिने पाय थांबवला.

"तुम्ही कारखान्याचे का?"

सगळे बुटांकडे बघायला लागले. मी म्हणालो, "मी बाहेरचा. यांना शिकवायला आलोय."

"बरं झालं. शिकलेले आहात तर हे वाचून सांगा." तिने मशीनच्या खणातून कागद काढला. "काल संध्याकाळी तुमचा वॉचमन देऊन गेला. वाचता येतं मला. पण समजलं नाही."

कारखान्याच्या छापील कागदावर लिहिलं होतं: 'आपली तक्रार क्रमांक सात आपल्या संमतीने समाधानकारकरीत्या निकाली काढण्यात आली आहे.'

माझा शब्द. माझं व्याकरण.

"माझी संमती कुणी घेतली?" शिवणवाली म्हणाली. "मी तर चार महिने घसा फोडून सांगतेय. गुरुवारी सरकारी तपासणीवाला येणार होता, तसं पत्रही आलं होतं. आता वॉचमन म्हणतो, तक्रार बंद झाली तर तो तुमच्या घरी येणार नाही. असं असतं का?"

मी मागे बघितलं. पैलवान सगळ्यांच्या मागे सरकला होता. एवढा मोठा माणूस, लपायला जागा मिळेना.

आतून खोकल्याचा आवाज आला. लांबलचक, कोरडा. "मामंजी," ती म्हणाली. "त्यांची खाट स्वयंपाकघरात असते, पुढे मशीन आहे ना. दोन वाजले की तो पंखा सुरू होतो. मग मी मशीन गल्लीत काढते आणि खाट पुढे ओढते. चारला बंद झाला की परत सगळं उलटं. हे गाडीवर असतात, आठवड्याने येतात. तोवर ओढायला मीच." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "सांगा ना दादा, असं असतं का?"

मी म्हणालो, बघतो. आयुष्यभर ज्या शब्दाची मला चीड आली, तोच तोंडातून निघाला.

दप्तरीच्या टेबलाशी गेलो तेव्हा तो बोटाला रबरी टोपी घालून कागद मोजत होता. त्याला काहीच लपवायचं नव्हतं. "तीन सह्या होत्या, मास्तर. तीन सह्या असल्या की चढवायचं. मी वाचत नाही. वाचायला लागलो तर दिवस पुरत नाही."

"अहो, तो सराव होता!"

"फॉर्मवर कुठे लिहिलंय सराव?"

"पैलवान तक्रारदाराचा प्रतिनिधी कसा होईल?"

"रकान्यात 'स्थानिक प्रतिनिधी' आहे. तो इथलाच राहणारा आहे. स्थानिकच ना?" त्याने चष्मा वर केला. "अकराच्या अकरा एका दिवसात बंद. उघड्या तक्रारींच्या फळ्यावर शून्य लिहिलं मी काल. नोकरीत पहिल्यांदा."

"उघडता येतील?"

"बंद झालेली तक्रार त्याच विषयावर वर्षभर घेत नाहीत. एकच वाट आहे. तिघांपैकी कुणी सही मागे घेतली तर. लेखी, तपासणीच्या आदल्या दिवशी पाचच्या आत. म्हणजे उद्या."

"कुणी घेतली आहे का आजवर?"

"छे. त्याचा फॉर्म तरी आहे का ते बघावं लागेल."

पैलवानाला मी गोदामाच्या पायरीवर गाठलं. तो माझ्याआधीच बोलायला लागला. "मास्तर, मी नाटक केलं. तुम्हीच सांगितलंत करायला. नाटकात नट मेला तर त्याचा दाखला काढतात का?"

"मग मागे घ्या ना सही. दोन ओळींचं काम."

"साहेबांनी सांगितलं तर आत्ता घेतो."

"आणि नाही सांगितलं तर?"

तो गोदामात निघून गेला. रंगखात्याच्या मॅनेजरने तेवढंही केलं नाही. 'मीटिंगमध्ये आहे' असा निरोप आला, आणि काचेतून तो एकटाच बसलेला दिसत होता.

साहेबांनी मात्र लगेच बोलावलं. साहेब म्हणजे कारखान्याचे प्रमुख, कधी आवाज न चढवणारे. माणूस आवाज चढवत नाही तेव्हा त्याला त्याची गरज नसते, हे मी वेल्डर असतानाच शिकलो होतो.

"या मास्तर, बसा. तुमच्या प्रशिक्षणाचं फळ एका दिवसात दिसलं. वरच्या ऑफिसात कळवलंसुद्धा मी."

"साहेब, त्या तक्रारी सुटलेल्या नाहीत. पंखा आहे तिथेच आहे."

"चूक झाली असेल. मान्य." खरंच मान्य असल्यासारखं ते म्हणाले. "पण पंखा फिरवायचा म्हणजे शेड दोन आठवडे बंद. पुढच्या हंगामात बघू, मी शब्द देतो. आत्ता तपासणी तोंडावर आहे. आपले अजून सात कारखाने आहेत. सगळीकडे हाच कार्यक्रम न्यायचा माझा विचार आहे. तुम्हीच न्यायचा."

"आणि त्यासाठी मी काय करायचं?"

"काही नाही." ते हसले. "तुम्ही फक्त काहीही करू नका."

त्या दुपारी मी हॉलमध्ये परत गेलो आणि ठरलेला धडा शिकवला. धडा होता 'ऐकण्याची कला'. बावीस जण माझ्याकडे बघत होते. सगळ्यांना सगळं माहीत होतं, कुणी ब्र काढला नाही. मीही नाही. पाट्या टाकल्या. पाच वाजता प्रमाणपत्रं वाटली, फोटो काढला. पैलवानाने माझ्या खांद्यावर हात ठेवला होता, तो फोटोत दिसतो.

घरी ताई होती. माझी थोरली बहीण. तिची टेलिफोन खात्यातली नोकरी संपली आणि माझा संसार मोडला, तेव्हापासून आम्ही एकत्र राहतो. तिचा डावा कान नोकरीनेच गेला, म्हणून मी नेहमी उजवीकडे बसतो. जेवताना तिला सगळं सांगितलं.

"सात कारखाने?" ती म्हणाली.

"सात."

"म्हणजे तीन-चार वर्षांची निश्चिंती."

"हो."

"मग तोंड का सुकलंय?"

"दमलोय मी, ताई. मागे घेतली सही तर हे गेलं, आणि ही गोष्ट बाकीच्या कंपन्यांत पोचायला आठवडा लागणार नाही. साठीला आलोय. आता कुठे उभा राहू?"

तिने माझ्या ताटात भाजी वाढली. "हे बघ, मी काही तुला जा म्हणणार नाही आणि राहा म्हणणार नाही. तू घरी बसलास तर मला तुझी कटकट ऐकावी लागेल, मला एकच कान आहे." मग थोड्या वेळाने, भांडी उचलता उचलता म्हणाली, "पण मला एक सांग. तू तिथे तपासनीस म्हणून सही केलीस ना? काय तपासलंस?"

"शब्द."

"अरे, शब्द तर तुझेच होते."

मी उरलेली ताटं नळापाशी नेऊन ठेवली. ती नळाखाली भांडी घासत राहिली.

बुधवारी कार्यक्रम नव्हता, तरी दुपारी बाराला मी दप्तरीसमोर उभा होतो. त्याला फॉर्म सापडला होता. कपाटाच्या तळाशी, कडा पिवळ्या पडलेल्या. त्यात चार ओळी: तक्रार क्रमांक, सही करणाऱ्याचं नाव, दिनांक, कारण.

"सातचाच घेताय ना?" त्याने हळू आवाजात विचारलं. "एकच घेतलात तर साहेब कदाचित सांभाळून घेतील."

खरं सांगतो, क्षणभर मोह झाला. फक्त सात. बाकीच्या दहा तक्रारींच्या माणसांची तोंडं मी पाहिली नव्हती. त्यातली एक सांडपाण्याची होती, एक ट्रकच्या भोंग्याची, बाकीच्या मला आठवतही नव्हत्या. परवा त्यांच्यावर सह्या केल्या आणि आज आठवत नव्हत्या.

"अकरा द्या," मी म्हणालो.

मी लिहायला बसलो. कारणाच्या ओळीपाशी दप्तरी वाकला. "'तांत्रिक कारणास्तव' लिहा. बाकीच्या कागदांवर सगळे तेच लिहितात. कुणाला लागत नाही, कुणाचं बिघडत नाही."

मी लिहिलं: 'मी काहीही तपासलं नव्हतं.'

"मास्तर!" तो खरोखर घाबरला. "हे वाचलं तर तुम्हाला पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही. अहो, धंद्यावर धोंडा पाडून घेताय."

"तुम्ही तर म्हणालात, वाचायला दिवस पुरत नाही."

"हा कागद साहेब वाचतील."

अकरा वेळा तेच वाक्य लिहिलं. तिसऱ्या-चौथ्या फॉर्मनंतर हात दुखायला लागला. अकराव्यापर्यंत अक्षर इतकं वाईट झालं की माझं मलाच ओळखू येईना. शौर्य वगैरे काही वाटलं नाही. बिगारकाम केल्यासारखं वाटलं. दप्तरीने प्रत्येकावर शिक्का मारला, वेळ लिहिली आणि मुकाट्याने उठून फळ्यावरचं शून्य पुसलं. अकरा लिहिताना त्याचा खडू तुटला.

फाटकापर्यंत पोचतो तोवर बातमी माझ्या आधी तिथे होती. वॉचमनने माझा पास मागून घेतला. "वरून फोन आलाय, मास्तर. राग नका मानू." मी म्हटलं, तुझ्यावर कशाला. साहेब स्वतः आले नाहीत. त्यांना यायची गरजच नव्हती.

गल्लीत शिरलो तेव्हा पावणेदोन झाले होते. शिवणवाली मशीन गल्लीत ओढत होती. मी दुसरी बाजू धरली.

"तक्रार उघडली," मी म्हणालो. "उद्या तपासणीवाला येईल."

मला वाटलं होतं ती काहीतरी बरं बोलेल. तिने मशीनच्या पायाखाली विटेचा तुकडा सरकवला आणि विचारलं, "पण ती बंद कशी झाली होती?"

मी सांगितलं. काहीच वगळलं नाही. जोड्या, रुमाल, बारीक आवाज, लाल पेन.

"म्हणजे माझ्या जागी तो जाडा माणूस बसला होता? काल मागे उभा होता तो?"

"हो."

"आणि माझ्या वतीने तो कुंड्यांना हो म्हणाला?"

"सहा."

खाटेवरून म्हातारा बोलला. आवाज फाटका, पण कान शाबूत होते. "सूनबाई, कुंड्या ठेवायच्या कुठे? खिडकी तर आपण बंद केली. उजेड कुठून मिळणार त्यांना?"

ती हसली. मग हसू गेलं. "लोक हसले असतील ना, त्याने माझा आवाज काढला तेव्हा?"

"हसले. मीही हसलो."

ती आत खाटेपाशी गेली. शिवी दिली असती तर सोपं गेलं असतं. "खाट धरा त्या बाजूने," ती म्हणाली. "उभे आहात तर कामाला या. मामंजी, घट्ट धरा हं."

खाट वाटली होती त्यापेक्षा जड. दाराच्या चौकटीत अडकली, तिरकी करावी लागली. म्हाताऱ्याने एका हातात दम्याचा पंप आणि दुसऱ्यात माझं मनगट धरलं होतं. खाट पुढच्या खोलीत टेकवली आणि भिंतीपलीकडे घरघर सुरू झाली. आधी बारीक, मग एकसारखी. मिनिटभरात वास आला. चिकटपट्टी, दार, पडदा, कशालाही न जुमानता आला. गोडसर, डोळ्यांच्या मागे जाऊन बसणारा. एकोणीस वर्षं मी कारखान्यात काढली, तरी मला पाणी आलं डोळ्यांना. म्हातारा खोकायला लागला. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती, दुसऱ्या हाताने अभ्र्यांच्या चळतीवर चादर टाकत होती, वास लागलेला माल परत येतो म्हणून.

खोकला जरा ओसरल्यावर तिने विचारलं, "उद्या किती वाजता येणार तो माणूस? माझ्या पत्रात नुसता गुरुवार आहे."

"कारखान्याच्या पत्रात अकरा लिहिलंय."

"अकराला?" तिचा हात थांबला. "अकराला पंखा बंद असतो, दादा. गल्लीत फुलासारखी हवा असते अकराला. तो येईल, नाक वर करेल आणि जाईल."

हे मला सुचलं नव्हतं. ज्याने वेळ ठरवली त्याला बरोबर सुचलं होतं. मी स्टुलावर बसलो.

"मग त्याला दोनपर्यंत बसवून ठेवावं लागेल," मी म्हणालो.

"तीन तास? कोण बसवणार?"

"मी. मी दहालाच येतो. कारखान्याने पास घेतला माझा, पण गल्ली त्यांची नाही."

"आणि तीन तास बोलणार काय त्याच्याशी?"

"अकरा वर्षं मी तेच करत आलोय. बावीस मॅनेजर दोन-दोन दिवस बसवून ठेवतो."

"त्यांना झोप येत असेल."

"येते," मी म्हणालो. "पण उठून जात नाहीत."